एस्टीमचं फुल इंजिन काम: कुठला माल पुन्हा घेईन, कुठला नाही

गाडी मारुती एस्टीम व्हीएक्सआय, २००४ ची, पासिंग एमएच ०८, इंजिन जी१३बीबी म्हणजे १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कंप्युटरने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारं). इंजिन बांधून दोन पावसाळे आणि २२ हजार किलोमीटर झाले. लिहायला मुद्दाम थांबलो होतो, कारण इंजिन नवीन बांधलं की पहिले दोन महिने सगळंच भारी वाटतं, खरा हिशोब नंतर कळतो. घेतलेल्या वस्तूंपैकी दोन बसवून परत काढल्या, एक न बसवताच विकली, बाकीच्या आत आहेत आणि त्यांच्याबद्दल मनापासून बोलायचंय.

इंजिन उघडायची वेळ पुरामुळे आली. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं त्या पहाटे बाबा गाडी वरच्या रस्त्याला काढायला गेले, अंगणातून बाहेर पडेपर्यंत पाणी एअर बॉक्सच्या तोंडापर्यंत आलं होतं, इंजिनने ते ओढलं आणि खट् करून जागेवर थांबलं. बाबा सुखरूप वर आले, गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि वर जागाच नसते, मग सगळा मार कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे पिस्टनला क्रँकशी (फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या दांडीवर, बसतो. त्या आठवड्यात बाजारपेठेतल्या किती गाड्या अशा गेल्या. भंगारवाल्याने आमच्या गाडीला जो भाव सांगितला तो ऐकून बाबा काही बोलले नाहीत, आत निघून गेले. तेव्हाच ठरवलं की ही विकायची नाही.

घर सावरेपर्यंत गाडी तशीच उभी राहिली. इथे एक सांगतो, गाडी बुडाली तर बाकी काही करता आलं नाही तरी प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा आणि आत इंजिन ऑइल सोडा, एवढं त्याच आठवड्यात करा. आम्ही ते उशिरा केलं आणि गंजाने जे खाल्लं त्याचे पैसे नंतर मोजले.

कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघणं) केली तेव्हा १२.५, १२, १० आणि १२ आलं. या इंजिनला नवीन असताना चौरस सेंटिमीटरला १४ किलोच्या आसपास येतं, १२ ही खालची मर्यादा, आणि दोन सिलिंडरमध्ये एका किलोपेक्षा जास्त फरक नको. आमचे मिस्त्री म्हणाले, दादा, पिस्टनच्या रिंगा टाकू आणि होनिंग मारू (सिलिंडरची आतली भिंत हलकी घासू), हाफ इंजिनमध्ये म्हणजे अर्ध्याच कामात होईल. ते २५ वर्षं हेच काम करतायत, त्यांचा अनुभव मोठा आहे, पण मला तिसऱ्या सिलिंडरची शंका होती. हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवलं, चारही पिस्टन एकेक करून पूर्ण वर आणले आणि ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतात ते मोजलं. तीन सारखे, तिसरा एक मिलीमीटरहून जास्त खाली. म्हणजे रॉड वाकलाय. नुसत्या रिंगा टाकून बांधलं असतं तर पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) तिरका घासत राहिला असता आणि वर्षाभरात परत उघडावं लागलं असतं. पुरातली गाडी बांधत असाल तर हे माप घेतल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

मग फुल काम करायचंच आहे तर थोडी ताकदही वाढवूया हा विचार आला, येतोच. आणि इथेच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात, माझेही गेले. आधी ठरवायला पाहिजे की गाडी कुठल्या आरपीएमला चालते. मी महिनाभर काट्यावर लक्ष ठेवलं, मित्राच्या एस्टीमवर, कारण माझी उघडलेली होती. चिपळूणहून कराडकडे जाणारा कुंभार्ली घाट चढताना दुसरा-तिसरा गिअर, २००० ते ३५०० आरपीएम. महामार्गावर पाचव्यात ८०-९० ला ३००० च्या आसपास. गुहागरकडे जाताना त्याहून कमी. साडेचार हजाराच्या वर काटा महिन्यात चार-पाच वेळा गेला असेल, तोही ट्रकला ओव्हरटेक करताना. कंपनीची ८५ पीएसची ताकद मिळते ६००० ला, जिथे आपण जातच नाही. तेव्हा मला हवी होती ती मधली ओढ, गणपतीला पाच माणसं, डिकीत सामान आणि नारळाचं पोतं असताना घाटाखालच्या पोफळीवरून वर चढायची ओढ. हे कागदावर लिहून ठेवलं होतं तरी दोनदा मोह झालाच, ते पुढे येतं.

पार्ट मिळतात का हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. मिळतात. काउंटरवर एस्टीम म्हणालात तर मान हलते, गाडी बंद होऊन जमाना झाला, पण हेच इंजिन एमपीएफआय जिप्सीमध्ये होतं आणि व्हर्सामध्ये पण होतं, जिप्सी तर त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिली. त्यामुळे जिप्सीचं नाव घेऊन विचारा. सगळं जसंच्या तसं बसेल असं नाही, मॅनिफोल्ड (हवेच्या आणि धुराच्या नळ्या), माउंटिंग, संप (खालचं तेलाचं भांडं) वेगळे, पण ब्लॉकच्या आतलं बरंच सामाईक आहे. पार्ट नंबर आणि जुना पार्ट दोन्ही हातात घेऊन जा.

आता कोल्हापूर. ब्लॉक, हेड, क्रँक सगळं एप्रिलमध्ये मित्राच्या टेम्पोतून हापूसच्या पेट्यांबरोबर कोल्हापूरला गेलं आणि मी त्याच्या मागे मोटारसायकलवर. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग एकाच भागात मिळतं. ज्या मशीन शॉपमध्ये काम दिलं तिथले मामा साठीच्या पुढचे, त्यांनी ब्लॉककडे बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "पिस्टन कुठं हाईत?" मी म्हटलं, बोअर झाल्यावर साइज बघून घेतो. "मग मी बोअर कशाच्या मापानं करू? आधी पिस्टन आणा, मग मशीन लावतो." आणि खरंच ब्लॉक बाजूला ठेवून दिला. माझा त्या माणसावर तिथेच विश्वास बसला. कारण डब्यावर ०.५० (मूळ मापापेक्षा अर्धा मिलीमीटर मोठा) लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टनच्या मापात थोडा फरक असतोच, आणि बोअर त्या पिस्टनपेक्षा ठरावीक मोठा पाहिजे, नुसता गोल आणि गुळगुळीत असून चालत नाही. आमच्या इंजिनला ०.०२ ते ०.०४ मिलीमीटर गॅप लागतो, म्हणजे जुन्या भाषेत साधारण दीड थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग).

त्यांनी बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, असा आडवा आणि उभा मोजला. घासलेला तर होताच, शिवाय दुसऱ्या-तिसऱ्यात जिथे रिंगा पाण्यात उभ्या होत्या तिथे गंजाच्या रेघा बसल्या होत्या, बोट फिरवलं की लागायच्या. ०.२५ ला त्या निघणार नव्हत्या म्हणून सरळ ०.५०, बोअर ७४ चा ७४.५ झाला. यात ताकद वाढते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सगळ्या मिळून साधारण १८ सीसी वाढतात, ते जाणवत नाही. बोअर मोठा करायचा तो गोल आणि सरळ करायला. पुढच्या वेळेला ०.५० च्या वरचा पिस्टन मिळणार नाही, तेव्हा स्लीव्ह टाकावी लागेल, हेही तेव्हाच सांगून टाकलं त्यांनी.

पिस्टन गोएत्झेचे घेतले, रिंगा त्यांच्याच. याआधी एका दुकानातून कंपनीचा म्हणून एक सेट घेतला होता, छापील डबा, होलोग्राम, सगळं होतं. घरी आणून चारही पिस्टन ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवले तर सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड पिस्टनमध्ये ११ ग्रॅम फरक. सोनार पण बघत राहिला. परत नेला तर दुकानदार म्हणाला इलेक्ट्रिक आणि इंजिनचा माल परत होत नाही. दोन हेलपाटे मारून अर्धे पैसे सुटले. नंतरचा सेट दुकानातच वजन करून घेतला, २ ग्रॅमच्या आत. पिस्टन, पिन, रॉड सगळं वजन करून घ्या, सोनार नसेल तर किराणा दुकानातला डिजिटल काटा पण चालतो, पण घ्याच, कारण ३००० आरपीएमला तो पिस्टन सेकंदाला ५० वेळा वरखाली होतो आणि फरक असेल तर स्टिअरिंगमध्ये, सीटमध्ये, सगळीकडे थरथर येते.

रिंगा डब्यातून काढून सरळ चढवू नका. प्रत्येक रिंग तिच्या सिलिंडरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ बसवायची आणि टोकांमधला गॅप फिलर गेजने बघायचा. आम्ही वरच्या रिंगेला ०.३० ठेवला. गॅप कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर फाडते. हे काम मिस्त्रींनी आणि मी मिळून केलं, एक अख्खी दुपार गेली, बाहेर पाऊस कोसळत होता आणि दोघंही खूश होतो.

रॉड नवीन मिळाले नाहीत. वाकलेला सरळ करून देतो म्हणणारे भेटले, पण एकदा वाकलेला रॉड मला परत आत नको होता. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एका सुट्या केलेल्या इंजिनचे चारही घेतले, ३ हजारात. एकटा एक न घेता चार घेतल्याने वजन आपोआप जवळजवळ जुळलं. मामांनी चारही रॉड वाक आणि पीळ बघायच्या जिगवर लावून बघितले, बिगएन्डचा (क्रँककडच्या मोठ्या टोकाचा) गोलपणा तपासला आणि बोल्ट नवीन टाकायला लावले. बोल्ट बदलायला पैसे वाचवू नका, रॉड सुटला तर ब्लॉकच्या बाहेर येतो.

क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंग बसतात त्या गोल जागांवर) पण गंजाचे ठिपके होते त्यामुळे ०.२५ अंडरसाइज ग्राइंड केला, त्या मापाची बेअरिंग, आणि बसवताना प्लॅस्टिगेजची (दाबून किती चपटी होते त्यावरून गॅप कळतो अशी) वात ठेवून गॅप बघितला. ऑइल पंप नवीन. पुराचा चिखल पंपातून एकदा जरी गेला असेल तरी तो पंप परत वापरायचा नाही, आणि क्रँकच्या आतल्या तेलाच्या वाटा तारेच्या ब्रशने आणि केरोसीनने इतक्या वेळा धुतल्या की मिस्त्री म्हणाले आता पुरे, आणि त्यानंतरच्या धुण्यातही लाल पाणी आलं.

सगळ्या मशीनच्या कामाचं बिल झालं ९ हजार. बोअर-होनिंग २४००, क्रँक १८००, हेड ३८००, रॉड १०००. या ९ हजारांना मी पाचपैकी पाच देतो. बाकी कुठल्याच खर्चाला देत नाही.

हेडमध्येच खरी ताकद मिळाली, ते जरा सविस्तर. हेड ०.०५ मिलीमीटरपेक्षा जास्त वाकलेलं चालत नाही, आमचं त्याच्या वर होतं, तेव्हा पातळीला येण्यापुरतं प्लेन केलं, उगाच जास्त नाही. लोक म्हणतात अजून घास, कॉम्प्रेशन वाढेल. वाढेल, पण पेट्रोल कुठलं घालणार? तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, एक्सपी९५ (९५ ऑक्टेनचं) सगळीकडे मिळत नव्हतं, आणि भर उन्हात घाट चढताना गाडी खटखट नॉकिंग करायला लागली तर पिस्टन फुटतो. मी कॉम्प्रेशन रेशो पाव पॉइंटच्या आतच वाढू दिला. व्हॉल्व्ह सीट तीन अँगलमध्ये कापून घेतल्या, ३०, ४५, ६०, व्हॉल्व्ह टेकतो ती ४५ ची पट्टी एक-दीड मिलीमीटरची. हवा त्या कडेवरून वळत जाते, धार असेल तर अडखळते. मॅनिफोल्ड आणि पोर्ट (हेडमधल्या हवेच्या वाटा) यांची तोंडं गॅस्केटच्या मापाने जुळवून घेतली, पोर्ट आतून मोठे केले नाहीत. मोठा पोर्ट म्हणजे जास्त ताकद हे वरच्या आरपीएमचं गणित आहे, खाली हवेचा वेग मंदावतो. व्हॉल्व्ह गाइड आणि सील नवीन.

हेड गॅस्केट टालब्रॉसचं साधं कंपोझिट. मला एमएलएस म्हणजे पत्र्याच्या थरांचं पाहिजे होतं, मामा म्हणाले त्याला ब्लॉक आणि हेड दोन्हीचं फिनिश आरशासारखं लागतं, तेवढं बारीक फिनिश माझं मशीन देत नाही, कंपोझिट टाका. स्वतःच्या मशीनबद्दल असं सांगणारा माणूस किती जणांना भेटतो? २२ हजार किलोमीटरमध्ये कूलंटचा थेंब कमी नाही.

आता मोह. पहिला कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. एकाने जुना कॅम घासून लाँग ड्युरेशन (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) करून दिला, ६ हजार. एंड्युरन्स, रॅली, असे शब्द वापरून दिला. बसवला आणि गाडीचा आयडलिंगचा आवाज एकदम दमदार झाला, गॅरेजातली पोरं जमली. मग कुंभार्लीला नेली. तिसऱ्यात २५०० ला गाडी ओढायलाच तयार नाही, दुसरा टाका, रडवा, मग चढते. कारण साधं आहे, लांब ड्युरेशनच्या कॅमने इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आरपीएम कमी असेल तर वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डात ढकलतो. वरती ५००० ला ते भरून निघतं, घाटात नाही. दुसरं म्हणजे या गाडीचा कंप्युटर हवा थेट मोजत नाही, मॅनिफोल्डातल्या व्हॅक्युमवरून ठरवतो किती पेट्रोल सोडायचं, आणि अशा कॅमने व्हॅक्युम पडतो, कंप्युटरला वाटतं लोड आलाय, तो जास्त पेट्रोल सोडतो. पीयूसीच्या मशीनवर आकडे वाढले, मायलेज ११ वर आलं. शिवाय घासून बनवलेल्या कॅमचा मूळ गोल लहान झालेला असतो, त्यामुळे रॉकरचे (कॅमची हालचाल व्हॉल्व्हला देणाऱ्या दांड्यांचे) स्क्रू व्हॉल्व्हकडे खूप पुढे काढावे लागतात आणि टोकं वाकडी टेकतात. तीन महिन्यांनी कंपनीचा कॅम परत टाकला. त्या दिवशी गाडी इतकी सुंदर चढली की कोयनानगरला थांबून मिस्त्रींना फोन केला.

दुसरा मोह कोन फिल्टर (एअर बॉक्सऐवजी लावायचा उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर), साडेतीन हजार. आवाज छान, बाकी काही नाही. बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि गरम हवा विरळ असते. त्याहून वाईट म्हणजे आपल्याकडची जांभ्याची धूळ. महामार्गाच्या कामाने मार्च-एप्रिलमध्ये झाडंसुद्धा लाल असतात, दोन हजार किलोमीटरनंतर फिल्टर काढून आतल्या नळीत पांढरं फडकं फिरवलं तर फडकं लाल. ती धूळ नव्या बोअरला पॉलिश पेपरसारखी घासते. काढला, कंपनीचा एअर बॉक्स आणि कागदी फिल्टर परत, उन्हाळ्यात दर पाच हजाराला नवीन. या दोन वस्तूंचे साडेनऊ हजार गेले, म्हणजे सगळ्या मशीनच्या कामापेक्षा जास्त.

हलकं केलेलं फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) न बसवताच विकलं, भरल्या गाडीला चढावर उठायला फ्लायव्हीलचं वजनच मदत करतं.

हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) मात्र ठेवला आणि तो मला आवडतो. ४-२-१ पद्धतीचा, म्हणजे चार नळ्या आधी दोन होतात मग एक. सरळ ४-१ वाला वरच्या आरपीएमला चांगला, मधल्या ओढीला ४-२-१. १४ हजार पडले. आपल्या किनाऱ्यावर मटेरियल बघून घ्या, माइल्ड स्टीलचा घेतलात तर खारी हवा आणि पावसाळा त्याला दोन-तीन वर्षांत खाईल, आणि वर हीट रॅप गुंडाळलात तर ओल आत धरून अजून लवकर. ३०४ स्टीलचा घ्या आणि दुकानात चुंबक घेऊन जा. मला पहिल्यांदा ३०४ म्हणून जो दाखवला त्याला चुंबक घट्ट चिकटलं, ३०४ ला असं घट्ट चिकटत नाही, फार तर वेल्डिंगजवळ किंचित ओढतं. मी तो घेतला नाही. ऑक्सिजन सेन्सरचं भोक चारही नळ्या एकत्र येतात त्याच्या पुढे पाहिजे, नाहीतर कंप्युटरला एका-दोन सिलिंडरचाच धूर कळतो.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते, कूलिंग. आपल्याकडे अजून बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात, म्हणतात कोकणात एवढं गरम, त्याची गरजच काय. गरज आहे हो. थर्मोस्टॅट इंजिन थंड ठेवायला नसतो, ठरावीक तापमानाला ठेवायला असतो. तो काढला की इंजिन गरमच होत नाही नीट, कंप्युटरला वाटतं अजून थंड आहे, पेट्रोल जास्त सोडत राहतो, ते बोअरवरचं तेल धुतं आणि ऑइलमध्ये उतरतं. ७०-८० हजार खर्च करून बांधलेलं इंजिन पाचशेच्या वस्तूवाचून घासून जातं. माझ्या गाडीत ८२ अंशांचा कंपनीचा थर्मोस्टॅट आहे, टाकण्याआधी पातेल्यात पाणी तापवून आणि दुधाचा थर्मामीटर लावून उघडतो का बघितला, आई स्वयंपाकघरात उभी राहून बघत होती.

रेडिएटर नवीन, वॉटर पंप नवीन, कॅप नवीन. कूलंट तयार मिसळलेला किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मा. विहिरीचं पाणी नको, घाटात गाडी तापली की झऱ्याचं पाणी ओतणं ही आपली सवय आहे आणि एकदा-दोनदा अडचणीत ठीक, पण नंतर ते काढून टाका. गुहागर-वेळणेश्वरला किंवा मालवणला गाडी रोज असेल तर रेडिएटरच्या जाळीवर मीठ बसतं, महिन्यातून एकदा साध्या पाण्याने, प्रेशर न लावता, इंजिनच्या बाजूने बाहेर असं धुवा. आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी बदला, पुरातली गाडी असो वा नसो. आमची हिरवी होऊन आतून तुटली होती, फॅन मध्येच हळू फिरायचा आणि आम्ही फॅनची मोटर बदलत बसलो होतो.

पेट्रोलचं पण आता बघावं लागतं. सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय आणि २००४ च्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नाहीत. टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतचे सगळे पाइप इथेनॉलला चालणारे टाकले, इंजेक्टरचे ओ रिंग व्हायटॉन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे. जुने पाइप बोटाने दाबले तर चिरा दिसत होत्या. कार्ब्युरेटरची जुनी एस्टीम असेल तर अजून जपा, कारण ऑक्सिजन सेन्सर नसल्याने ती गाडी मिश्रण स्वतः सुधारत नाही आणि लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल, जसं मुंबईकरांच्या गावच्या गाड्या राहतात, तर लक्षात ठेवा की इथेनॉल ओल धरतं, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका.

कायद्याचं थोडक्यात. ब्लॉक तोच, इंजिन नंबर तोच, त्यामुळे आरसीला हात लावावा लागला नाही. जुन्या बलेनोचं १६०० चं इंजिन टाक असं बऱ्याच जणांनी सांगितलं, १५९० सीसी, ओढ जबरदस्त, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल परवानगीशिवाय चालत नाहीत आणि १५ वर्षांवरच्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग असतं, तिथे नंबर जुळला नाही तर गाडी घरात उभी. इन्शुरन्सचा क्लेम पण जाऊ शकतो.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन मुरवणं, हजार किलोमीटर. पहिल्या वेळी चालू केल्यावर आयडलिंगला तासभर ठेवायची जी पद्धत आहे ती आम्ही पाळली नाही, गरम झाली, गळती बघितली आणि लगेच रस्त्यावर. रिंगा बसतात त्या लोडवर, हळूहळू दाबायची, सोडायची, दाबायची. सावर्डे ते चिपळूण हा रस्ता त्याला चांगला. साधं मिनरल ऑइल पहिल्या १०० किलोमीटरला बदललं, मग ५०० ला, मग हजारला १०डब्ल्यू-४० सेमी सिंथेटिक.

आता कॉम्प्रेशन १४, १४, १३.८, १४. मायलेज साडेसोळा, आधी पुराच्या अगोदर १४ यायचं. डायनो (ताकद मोजायचं मशीन) इथे नाही त्यामुळे पीएसचा आकडा सांगत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० मोबाइलवर मोजलं, त्याच रस्त्याला, घासलेला कॅम आत असताना ११.२ सेकंद आणि कंपनीचा कॅम परत टाकल्यावर ९.४. पोफळीच्या पुढे जिथे दुसरा टाकावा लागायचा तिथे आता बाबा तिसऱ्यात जातात, आणि गाडी तेच चालवतात जास्त करून.

एकूण खर्च मजुरी धरून ७८ हजार, मिस्त्रींची १५ हजार त्यात आली, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, टेन्शनर सगळं धरून. कॅम, फिल्टर आणि पहिला पिस्टन सेट यात धरलेला नाही.

एक तक्रार उरलीय, कॅमच्या टोकाची ऑइल सील किंचित पाझरतेय. कॅम दोनदा काढला-घातला त्यात जुनीच सील परत बसवली, ती चूक. बेल्टवर तेल उतरायच्या आत बदलायची आहे, सील आणून ठेवलीय, गणपतीच्या आधीच्या रविवारी मिस्त्रींना वेळ आहे. बेल्टचं कव्हर उघडणारच आहोत तर टेन्शनरचं बेअरिंग पण हाताने फिरवून बघू.